अगं, ओव्हर

कुमुदिनीने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. पुन्हा तसा भूकंप झाला, तर तुमचा आवाज मला ऐकू आला पाहिजे. बस, एवढंच. त्यावर नरेंद्रने तिला पाण्याची पिंपं आणून दिली, वाळवलेल्या भाताची खोकीच्या खोकी आणून दिली, हाताने फिरवायचा दिवा, पुठ्ठ्याचा घडीचा संडास आणि सरतेशेवटी दोन बंदुका आणून दिल्या. आवाजाचं तेवढं राहून गेलं.

तसा भूकंप म्हणजे जपानमधला, दोन हजार अकराच्या मार्चमधला. त्या दुपारी नरेंद्र त्सुकुबाला आपल्या संशोधन संस्थेत भट्टीतून काढलेल्या चिनीमातीच्या चकत्या मोजत होता आणि कुमुदिनी निशी-कसाईत, नवव्या मजल्यावरच्या घरात एकटी होती. एरवी दोघांच्या मधे दीड-दोन तासांचा रेल्वेप्रवास असे. त्या दिवशी रेल्वे नव्हती, लिफ्ट नव्हती आणि फोनही लागत नव्हता. कुमुदिनी नऊ मजले उतरून शाळेत गेली, लेकीला, शिवानीला ताब्यात घेतलं आणि दोघींनी रात्र शाळेच्या व्यायामशाळेत, गार फरशीवर काढली. लेक झोपली. आई फोनचं तेच बटण दाबत बसली. तो जिवंत आहे की नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, जेव्हा सहकाऱ्याची सायकल मारत नरेंद्र घामाघूम होऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, पाणी दे."

तिने पाणी दिलं. पण त्या रात्रीने तिच्या मनात जे घर केलं, ते गेलं नाही. दीड वर्ष तिने वाट पाहिली आणि मग एका सकाळी डबा भरता भरता सांगून टाकलं. संस्थेत तुम्हाला कायमची नोकरी मिळते आहे, चांगलं आहे, करा. पण एप्रिलमध्ये शिवानीची शाळा बदलायची आहे. तोवर माझ्या मनाची खात्री पटली नाही, तर मी तिला घेऊन पुण्याला जाईन. तशी रात्र मी पुन्हा काढणार नाही.

नरेंद्र हादरला. माणूस स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अशी माणसं एकदा घाबरली की थेट अभ्यासाला बसतात, आणि इंटरनेटवर अभ्यासाला बसलेला शास्त्रज्ञ कुठल्या कुठे जाऊन पोहोचेल हे कुणी सांगू शकत नाही. नरेंद्र अमेरिकेतल्या जंगलात पोहोचला. तिथे पोट सुटलेले, दाढी वाढवलेले काही गृहस्थ तळघरात डबाबंद चवळी साठवून सरकार कोसळण्याची वाट बघत बसले होते. ते स्वतःला मिलिशिया म्हणवत. त्यांच्याकडे तीन गोष्टींना फार मान होता: साठा, शस्त्र आणि स्वतःचं दळणवळण. नरेंद्रने त्यांचे सगळे व्हिडिओ पाहिले, सवयीप्रमाणे टिपणं काढली आणि 'स्वयंसिद्ध दल' नावाची संघटना काढली.

दलात तीन घरं होती. एक त्याचं स्वतःचं. दुसरं सारंग आणि मितालीचं. सारंग मुंबईहून आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय तिशीचं, दिवसभर जपानी साहेबांना "हाय, हाय", म्हणजे होय-होय, म्हणून मान तुकवायचा आणि संध्याकाळी कुणीतरी आपल्यालाही सलाम ठोकावा अशी इच्छा बाळगायचा. त्याला नरेंद्रने उपसेनापती केलं. तिसरं घर प्रकाशराव आणि जयमालाबाईंचं. प्रकाशराव एका कंपनीत मॅनेजर होते, आणि दलाच्या बैठकीत कुमुदिनी काहीतरी गरमागरम करते हे कळल्यावर ते एकही बैठक चुकवत नसत.

"पण शस्त्रं कशाला?" कुमुदिनीने पहिल्याच बैठकीत कांदाभजी वाढता वाढता विचारलं.

"संकट आलं की अराजक माजतं," नरेंद्र म्हणाला. त्याने उएनोच्या बाजारातून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जाकीट आणलं होतं. जंगलात लपण्यासाठी शिवलेलं ते जाकीट निशी-कसाईच्या करड्या इमारतींमध्ये दोन चौक लांबून ओळखू यायचं. "लोक साठा लुटायला येतात."

"कोण येणार आहे? इथले? भूकंपाच्या रात्री कोम्बिनीच्या दुकानातलं शेवटचं बिस्कीट घ्यायला माणसं रांगेत उभी होती अहो. मीच मधे घुसले होते."

"वहिनी, तुमच्यासारखे अजून असतील ना," प्रकाशराव म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन भजी उचलली.

आता जपानमध्ये बंदूक मिळवायची म्हणजे परीक्षा, डॉक्टरचा दाखला, घरी पोलिसांच्या फेऱ्या. तेवढं धाडस कुणालाच नव्हतं. म्हणून सारंगने खेळण्याच्या दुकानातून दोन बंदुका आणल्या. दिसायला हुबेहूब, काळ्याकुट्ट, हातात घेतल्या की माणसाचा आवाज आपोआप खाली जावा अशा. त्यातून ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची गोळी उडायची. पण अमेरिकन गृहस्थांनी बजावलं होतं की शस्त्र खेळण्यातलं असो की खरं, त्याची निगा राखलीच पाहिजे. नरेंद्रने निगा राखायला घेतली. कुमुदिनीच्या शिलाई मशीनचं तेल त्याने दोन्ही बंदुकांच्या पोटात सढळ हाताने ओतलं. आतलं रबर त्या तेलाने फुगून बसलं. त्यानंतर चाप ओढला की बंदूक थुंकायची आणि गोळी नरेंद्रच्याच पायाशी पडायची.

"नरेंद्र-सान, सिलिकॉनचं तेल घालायचं असतं," सारंग कळवळून म्हणाला.

"बाटलीवर 'सर्व यंत्रांसाठी' लिहिलं होतं."

"यंत्रांसाठी लिहिलं होतं ना? हे खेळणं आहे."

नरेंद्रला तो शब्द फार लागला. शस्त्राची अशी हेळसांड झाली, त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्याने येत्या खंडेनवमीला शस्त्रपूजा करायची ठरवली. खंडेनवमीला घरोघर सुऱ्या-कात्र्या-स्क्रूड्रायव्हर पुजतातच, त्यात नवल काही नव्हतं. पण घरात उदबत्ती लावली की छतावरचा धुराचा भोंगा ओरडायचा. म्हणून पूजा गॅलरीत मांडली गेली. पांढरीशुभ्र चादर अंथरून, तिच्यावर दोन्ही बंदुका, शेजारी कुमुदिनीची विळी आणि एक पाना ठेवून, नरेंद्र सोवळं नेसून बसला. सोवळ्यावर थंडीमुळे ते ठिपक्यांचं जाकीट. प्रकाशरावांनी कुंकवात पाणी अंमळ जास्त घातलं आणि ते पांढऱ्या चादरीवर चांगलंच ओघळलं.

समोरच्या इमारतीतल्या कुणाला त्या गॅलरीत काय दिसलं असेल, याचा विचार कुणीही केला नव्हता. उघड्या पोटऱ्यांचा माणूस, लष्करी जाकीट, दोन बंदुका, एक भलंमोठं पातं आणि लालभडक डाग. आरती संपून नैवेद्य दाखवायच्या आत दारावरची बेल वाजली.

दोन पोलीस होते, अतिशय सभ्य. त्यांनी बूट काढून दारात नीट वळवून ठेवले, आत येण्याबद्दल चारदा क्षमा मागितली आणि गॅलरीत जाऊन ओणवे होऊन बघू लागले. नरेंद्रचं धाबं दणाणलं. त्याला आठवत असलेलं सगळं जपानी भट्टीच्या तापमानाबद्दल होतं. शेवटी शिवानीने सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे आज वस्तूंना थँक यू म्हणतात, ती म्हणाली. हे रक्त नाही, हळद आहे, चुना घालून लाल केलेली. पोलिसाने पांढऱ्या हातमोज्याचं बोट कुंकवात बुडवलं, वास घेतला आणि मान डोलावली. मग दुसऱ्याने बंदुकीचं खोकं उलटंपालटं करून वाचलं. कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं: दहा वर्षांवरील मुलांसाठी.

तो शिवानीकडे वळून काहीतरी बोलला आणि हसला.

"काय म्हणाला?" नरेंद्रने विचारलं.

"तू तुझी खेळणी छान जपतेस, म्हणाला."

त्या रात्री नरेंद्र जेवला नाही. कुमुदिनीला त्याचा राग यायला हवा होता, पण दयाच आली. बंदुका तिने स्वतः फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. मग ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "अहो, मला कुणाला मारायचं नाहीये. त्या रात्री माझ्या हातात बंदूक असती तरी मी ती कुणावर रोखली असती? तुमचा आवाज पाहिजे होता हो मला. एक शब्द. 'आहे' म्हणाला असता तरी चाललं असतं."

नरेंद्रने टिपणांची वही पुढे ओढली. मग म्हणाला, "अगं, तिसरा मुद्दा राहिलाच. दळणवळण."

कुमुदिनीने कपाळाला हात लावला, पण मनातून तिला बरं वाटलं. गाडी निदान रुळावर आली होती.

नरेंद्रने अमेरिकेतून दणकट वॉकीटॉकी मागवलेच होते, पण ते जपानात वापरणं बेकायदा निघालं. पोलिसांच्या हातमोज्यांची आठवण ताजी होती. ते संच बंदुकांच्या शेजारी माळ्यावर गेले आणि होम सेंटरच्या दुकानातून परवाना न लागणारे छोटे पिवळे संच आले, हातात साबणाच्या वडीएवढे. दोष एकच होता. सगळे संच एकाच वाहिनीवर चालायचे. एकाने बटण दाबलं की बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं की मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज यायचा.

"म्हणून शिस्त पाहिजे," सारंगने बैठकीत समजावलं. "आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव. मग आपलं नाव. मग निरोप. मग 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचं. सिम्पल आहे."

जयमालाबाई चपापल्या. "म्हणजे मी यांचं नाव घ्यायचं? असं, सगळ्यांसमोर? उखाण्याशिवाय?"

"काकू, इमर्जन्सीमध्ये कसला उखाणा?"

"अरे, छत्तीस वर्षं 'अहो' म्हणते आहे मी. जीभ वळणार नाही माझी."

कुमुदिनी गालातल्या गालात हसली, कारण अडचण एकट्या जयमालाबाईंची नव्हती. नरेंद्र इचलकरंजीचा. त्याच्या घरात पुरुषमाणसाने बायकोला नावाने हाक मारली तर चारचौघांत कपडे काढल्यासारखं मानत. लग्नात त्यालाही नाव घ्यायला लावलं होतं. त्याने उखाणा पाठ करून आणला होता आणि पहिली ओळ ठणठणीत म्हटलीही होती. नेमका नावाच्या जागी बाहेर बँडवाल्याने ताशा बडवला आणि नरेंद्र सुटलो म्हणून चटकन खाली बसला. पुढे सोळा वर्षांत ती कधी 'अगं' होती, कधी 'ऐकलंस का', फार लाडात आला तर 'अगं ए'. बँकेच्या कागदांवर तो तिचं नाव लिहायचा, पण तोंडातून ते कधी बाहेर पडलं नव्हतं. याचा तिला राग नव्हता. पण कधीतरी, भांडी घासताना वगैरे, ते नाव त्याच्या आवाजात कसं वाटेल असं तिच्या मनात येऊन जायचं.

सारंगने तोड काढली. प्रत्येकाला एकेका किल्ल्याचं नाव द्यायचं. नरेंद्र झाला रायगड, कुमुदिनी विशाळगड, मिताली तोरणा. जयमालाबाईंना सिंहगड मिळाला, आणि त्यांनी लगेच तिथल्या पिठलं-भाकरीची चौकशी केली. प्रकाशरावांना विसापूर दिला, तर ते म्हणाले तिथे मी चढलेलो नाही, दुसरा द्या.

याच सुमारास नाकामुरा-सान भेटायला आले. वय ऐंशीच्या घरात, त्या वस्तीच्या चोनाइकाइचे अध्यक्ष. चोनाइकाइ म्हणजे आपल्याकडची गल्लीतली मंडळंच, त्यातून फक्त लाउडस्पीकर वजा. पोलीस आले त्याबद्दल शेजाऱ्यांच्या वतीने माफी मागायला ते खास आले होते, येताना भातवड्यांचा डबा घेऊन. नोव्हेंबरातल्या एका रविवारी शाळेच्या मैदानात आपत्तीची कवायत आहे, ते म्हणाले. तुम्ही जरूर या. संच पाहून त्यांचे डोळे चमकले, तेव्हा नरेंद्रने उदार मनाने एक संच त्यांनाही दिला.

"ठरलं तर मग," ते गेल्यावर नरेंद्र म्हणाला. "तू घरीच थांब. मी मैदानातून बोलतो. मधे कुणाचा फोन नाही, कुणाची तार नाही. आवाज सरळ तुझ्या कानात."

"आला तर बघू," कुमुदिनी म्हणाली. मग भातवड्यांच्या डब्याचं झाकण लावत म्हणाली, "नाही आला, तर सोमवारी मी तिकिटं काढते. नंतर चिडू नका."

"नाही चिडणार," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला होता की तिने उगाच पदराने टेबल पुसायला घेतलं.

रविवार उजाडला. नरेंद्र शिवानीला घेऊन मैदानात गेला, जाकीट घालून. कुमुदिनी गॅलरीच्या दाराशी संच मांडीवर घेऊन बसली. वरून शाळेचं मैदान दिसत नव्हतं, मधे एक इमारत होती. पण तिथे उभारलेल्या मांडवांची पांढरी टोकं तेवढी दिसायची. साडेनऊला संच खरखरला.

"विशाळगड, विशाळगड, रायगड बोलतोय. ऐकू येतंय का? ओव्हर."

"येतंय. ओव्हर," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ येत होता. पण तिला खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. रायगड कुणीतरी विशाळगडाशी बोलला होता. त्यात तिचं काय होतं?

मग नुसती गंमत चालली होती. मिताली तोरण्यावरून विचारत होती की मला अग्निशामक नळकांडं कुणी शिकवणार आहे का. जयमालाबाई आपण कुठला गड हे विसरल्या होत्या आणि "मी बोलतेय, मी" एवढंच सांगत होत्या. नाकामुरा-सान मधेच काहीतरी जपानी बोलून नम्रपणे खाकरत. मैदानात म्हणे मोठ्या पातेल्यात भात शिजत होता. कुमुदिनी उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि तेवढ्यात फोन किंचाळला.

"जिशिन देस! जिशिन देस!"

भूकंप. कवायतीतला नव्हे, खराखुरा.

तिने आधी गॅस बंद केला, हे तिच्या हातांनी आपले आपणच केलं. मग इमारत गरगरल्यासारखी हलायला लागली. ती टेबलाखाली शिरली, संच छातीशी धरून. फडताळाचं दार उघडलं, डबे एकमेकांवर आपटले, रव्याचा डबा धाडकन खाली आला आणि स्वयंपाकघरभर पांढरं झालं. माळ्याचं दार सरकलं आणि फडक्यातून दोन बंदुका खाली येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर पडल्या. त्यातल्या एकीने पडता पडता एक गोळी थुंकली. कुठेतरी लिफ्टचा भोंगा वाजत होता. आणि कुमुदिनी परत त्या रात्रीत जाऊन पडली, गार फरशीवर, हातात मुका फोन. लेक कुठे आहे? हे कुठे आहेत?

हलणं थांबलं तसा संच बोलायला लागला, म्हणजे ओरडायला.

"अगं! अगं, ठीक आहेस ना?"

नरेंद्र. नक्की नरेंद्र. तिने बटण दाबायला अंगठा उचलला, पण तेवढ्यात:

"हो, मी ठीक आहे!" ही मिताली.

"कोण, मला म्हणताय का?" या जयमालाबाई.

"बाबा, मी तुमच्या मागेच उभी आहे!" ही शिवानी, बाबांच्याच संचातून. कुमुदिनीच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. लेक ठीक होती.

"अगं, तू नाही गं! अगं..." पुढे मांजराच्या शेपटीवर पाय पडला.

"अगं मिताली, तू टॉयलेटकडे गेली होतीस ना?" हा सारंग.

"अहो!" जयमालाबाई कळवळून ओरडल्या. "अहो, कुठे आहात?"

"इथंच आहे गं, भाताच्या रांगेत!" प्रकाशराव.

"अहो, आता गप्प बसा, कुमुदिनीचे अहो ओरडतायत!" या परत जयमालाबाई.

"ओइ! ओइ!" एक म्हातारा जपानी आवाज मधे घुसला. ते नाकामुरा-सान होते. गेली पन्नास वर्षं ते बायकोला 'ओइ' एवढंच म्हणत आले होते, आणि त्यांच्या बायकोकडे संचही नव्हता. पण त्या घटकेला ते कुणाच्या लक्षात राहणार?

अगं, अहो, ओइ. सगळे एकमेकांना हाका मारत होते आणि हाक कुणाचीच कुणाला पोहोचत नव्हती. किल्ले सगळ्यांचे केव्हाच सुटले होते. कुमुदिनी बटण दाबून म्हणत होती, मी आहे, मी इथे आहे, पण कुठली मी, कुणाची मी? तिचाही आवाज त्या किंचाळीत मिसळून जात होता. म्हणजे पुन्हा तेच. यंत्रं आली, संघटना आली, जाकीट आलं, आणि पुन्हा तेच. सोमवारी तिकिटं काढायची, तिच्या मनाने ठरवून टाकलं, आणि ठरवताना तिला अतिशय वाईट वाटलं.

मग त्या गोंगाटातून एक आवाज घसा फाडून वर आला.

"पाकात जिलबी, तेलात भजी, पानात वाढला भात..."

आणि वाहिनी गप्प झाली.

एकदम, पार गप्प. मिताली गप्प, सारंग गप्प, जयमालाबाई तर श्वास धरून. कुणी सांगितलं नव्हतं. पण मराठी माणसाच्या हाडात एक गोष्ट भिनलेली असते. कुणी नाव घ्यायला उभं राहिलं की भूकंप होवो नाहीतर आकाश कोसळो, बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं.

कुमुदिनी टेबलाखाली, रव्याने पांढरी झालेली, संच कानाला लावून बसली होती. तिला त्या ओळीची पुढची ओळ ठाऊक होती. सोळा वर्षं ती ताशाखाली दडपलेली होती. नुसतं नाव त्याच्या तोंडातून येणं शक्य नव्हतं, त्याला दुसरी वाट माहीतच नव्हती. एकदा बिचारा ज्या वाटेने गेला होता, त्याच वाटेने पुन्हा निघाला होता.

"...कुमुदिनीचं नाव घेतो," नरेंद्र म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला, "भरल्या मांडवात."

तिने तोंडावर हात ठेवला. तिचं नाव त्याच्या आवाजात असं वाटत होतं तर. जरा घोगरं, आणि शेवटचा 'नी' लांबवलेला, सांगली-कोल्हापूरकडचा. तिला बोलायचं होतं, पण संच अजून खरखरत होता. हा वेडा माणूस बटण धरूनच उभा होता. तिला मैदान ऐकू येत होतं, पातेल्यावर पडलेला डाव, लहान मुलं आणि नाकामुरा-सानशी शिवानीची भरभर चाललेली जपानी. आजोबा, तो कोड वगैरे काही नाही. बाबांनी आज पहिल्यांदा आईचं नाव घेतलं. हो, पहिल्यांदा. मग नाकामुरा-सानचा आवाज, हळू. काय म्हणाले ते शिवानीने सांगितलं, "बाबा, ते म्हणतात आता बटण सोडा. सोडल्याशिवाय ती कशी बोलणार?"

खट्. शांतता.

"वहिनी," प्रकाशरावांचा आवाज आला, "आता तुमची पाळी. ओव्हर."

"हो, नाव घ्या! ओव्हर!" जयमालाबाईंना पहिल्यांदाच 'ओव्हर' आठवलं होतं.

कुमुदिनीला लग्नातला तिचा उखाणा आठवेना. काही म्हणजे काही आठवेना. समोर फक्त ते स्वयंपाकघर होतं, सांडलेला रवा आणि दोन गोगलगायींसारख्या पडलेल्या बंदुका. तिने डोळे पुसले, बटण दाबलं आणि समोर दिसत होतं तेच घेतलं.

"हललं घर, हललं कपाट, सांडला डब्यातला रवा," ती म्हणाली. पुढची ओळ तिने खणखणीत म्हटली. "नरेंद्ररावांचा आवाज मला इथेच रोज हवा."

इथेच. तो शब्द तिने मुद्दाम घातला होता, आणि तो त्याला बरोबर कळणार हे तिला ठाऊक होतं. मग तिला जे रडू आलं, ते दीड वर्षाचं साठलेलं होतं. ती टेबलाला टेकून मनसोक्त रडली. पदराने नाक शिंकरलं, "मेले शहाणे, आधी घ्यायचं होतं ना नाव," असं स्वतःशीच म्हणाली, मग रव्यावरून जपून उठत एक बंदूक पायाने बाजूला सारली आणि आधणाचं काय झालं ते बघितलं. मग तिच्या लक्षात आलं की अंगठा दुखतोय, आणि का दुखतोय तेही. तो सगळा वेळ तिने बटण दाबून धरलं होतं. शाळेच्या मैदानातले सगळे तिचं नाक शिंकरणंसुद्धा ऐकत होते.

तिने दचकून अंगठा काढला.

"अगं, बटण सोड!" नरेंद्र ओरडत होता. "अगं, ऐकतेस का? बटण सोड!"

"कोण, मी?" मिताली म्हणाली.

"मी तर हातही लावला नाही हो," जयमालाबाई म्हणाल्या.